खांद्यावर बाप

तंजावरात मुलगा गातो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गुरू कोण? माझ्या भाच्याच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नाही. हरिप्रसाद रॅप करतो. कोणाकडे शिकला नाही, कोणत्या कंपनीने त्याला हाताशी धरलं नाही. दिवसा लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी आणि जोडाजोडी करतो, आणि उरलेल्या वेळात स्वतःच लिहितो, स्वतःच रेकॉर्ड करतो, स्वतःच फोनवरून जगापुढे ठेवतो. त्याचं घर पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्याला तमिळमध्ये मेलवीथी म्हणतात, म्हणून तो स्वतःला 'मेलवीथी हरी' म्हणवतो. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांना इथले शेजारी रायर म्हणतात. रायरांचा मुलगा आणि हे काय, असं पुष्कळांनी मला विचारलं. मी विमा कंपनीच्या हिशेब खात्यातला माणूस. या प्रश्नाचं उत्तर मी तरी काय देणार?

मी त्याचा मामा. माझी बहीण कमलाक्षी जाऊन काही वर्षं झाली. तिच्यामागे घरात दोघेच उरले, हरी आणि त्याचे वडील वेंकटराव. मुलगी विनुता कोइमतूरला शाळेत शिकवते. वेंकटराव माझे भावोजी. त्यांची घराच्या तळमजल्यावर टायपिंगची संस्था होती. इंग्रजी आणि तमिळ, दोन्ही. अर्ध्या तंजावरच्या कारकुनांची बोटं त्यांनी वळणावर आणली. बोट चुकलं की ते पाठीमागून फूटपट्टीने खुर्ची ठोकत. मुलाला नाही, खुर्चीला. पुढे संगणक आले, संस्था बंद पडली, मशीनं कापडाखाली गेली. त्याच खोलीच्या भिंतींना हरीने जुन्या गाद्या लावल्या आणि तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं.

मग भावोजींना पक्षाघात झाला. हात आणि बोलणं वाचलं, पाय गेले. कान आधीच मंद होत चालले होते, तेही नंतर पुरते गेले. राहायचं वरच्या मजल्यावर आणि जिना जुना, उंच पायऱ्यांचा. हरी म्हणाला, खालची खोली रिकामी करतों, अप्पांचा पलंग तिथे लावतों. भावोजी नको म्हणाले. मला एकट्याला म्हणाले, "ती त्याच्या कामाची खोली आहे. मी तिथे कशाला आडवा पडूं?" हे हरीला सांगायचं नाही, असंही म्हणाले.

तेव्हापासून रोजचा क्रम असा झाला. सकाळी हरी पलंगापुढे उकिडवा बसे, भावोजी त्याच्या गळ्याभोवती हात टाकत, आणि तो त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरे. खाली तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, बसवी. ऊन चढलं की परत वर. जिन्यात भावोजींची सूचना चालू असे. "हळू रे. भिंतीकडून. लग्नाची पालखी नाही ही, इतका का धांवतोस?"

त्यांच्याशी बोलायचं म्हणजे फोनवर लिहायचं. आमच्या घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे थोडे. मी नोकरीनिमित्त काही वर्षं पुण्याला होतो म्हणून शिकलो. बाकी सगळे घरची भाषा तमिळ अक्षरांत लिहितात. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एक. प, फ, ब, भ यांनाही एकच. वाचणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं. एकदा हरीने दवाखान्यात जायच्या दिवशी लिहिलं, "गाडी आणूं का?" भावोजींनी वाचलं आणि मोठ्याने विचारलं, "काठी कशाला? मारणार आहेस काय?" गाडी आणि काठी, अक्षरं तीच. हरी पोट धरून हसला, भावोजीही हसले. नंतर कितीतरी दिवस वाहन दारात आलं की ते म्हणत, "आली रे तुझी काठी."

हरीच्या इंटरनेटवरच्या पानावर गाण्यांइतकीच घरची खबर असते. शुक्रवारी नवीन गाणं येतंय. मोपेड बंद पडली म्हणून ओरत्तनाडूचा कार्यक्रम चुकला, माफी असावी. आज अम्माचं वर्षश्राद्ध. अप्पांना ताप आहे, रेकॉर्डिंग उद्या. ऐकणारे म्हणजे इथली कॉलेजची मुलं आणि मलेशियात कामाला गेलेले तमिळ तरुण. भावोजींना गाणी ऐकू येत नसत, पण पान ते न चुकता वाचत.

"माझा ताप मलेशियाला कशाला कळवतोस?"

हरीने लिहिलं, "ते विचारतात, अप्पा."

"मग त्यांना म्हण, विचारण्यापेक्षां मोसंबी पाठवा."

असं हे चाललं होतं. मी रविवारी जाऊन बसत असे, आणि खरं सांगायचं तर त्या घरात दुःख होतं तरी जड वाटत नसे.

गेल्या वर्षी हरीने ठरवलं की एक गाणं घरच्या भाषेत करायचं. आजवर सगळं तमिळमध्ये होतं. मला म्हणाला, "मामा, अप्पांना माझं एकही गाणं ऐकूं आलेलं नाही. म्हणून यांत शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतील. ते वाचतील."

गाणं त्यांच्यावरच होतं. जिन्यावर. त्याने मला ऐकवलं, आणि पुण्याच्या मराठीत हे चुकीचं तर नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या घरच्या मराठीत आहे, पुरे. त्यातल्या दोन ओळी माझ्या मनात राहिल्या:

खांद्यावर बाप, पायांखाली पायरी,
उतरेपर्यंत जड, उतरल्यावर तरी भारी.

"घरांत तर अप्पा म्हणतोस," मी म्हटलं.

"अप्पा घातलं तर ठोका चुकतो, मामा. म्हणून पाहा. आणि आजी म्हणायची ना, 'तुझा बाप कुठे गेला रे?' तो शब्द मला आवडतो. आपटल्यासारखा येतो."

शुक्रवारी गाणं आलं. तंजावरची मराठी पहिल्यांदा ऐकणारे महाराष्ट्रातले लोकही त्या पानावर आले. एकाने नुसतं 'भारी!' असं लिहिलं. हरीला वाईट वाटलं. त्याने मला फोन केला, "मामा, त्यांना गाणं जड झालं म्हणे." पुण्याकडे 'भारी' म्हणजे उत्तम, हे मी समजावून सांगितलं तेव्हा तो इतका खूष झाला की त्याने ती ओळ पुन्हा गाऊन दाखवली.

रविवारी मी गेलो तेव्हा घर गप्प होतं. सकाळची वेळ असून तिण्णै रिकामी. हरी खाली गाद्यांच्या खोलीत बसला होता.

"अप्पा?"

"वर. खाली येत नाहीत."

"बरं नाही का?"

"बरं आहे. गाणं दाखवलं, तेव्हापासून असं. दोनदां वाचलं. फोन परत दिला. म्हणाले, अक्षरं नीट आलीं आहेत. मग दुसऱ्या दिवशी मी पलंगापुढे बसलों तर म्हणाले, नको. आजही तेंच. नको."

"विचारलंस का?"

"काय विचारूं, मामा? त्यांना पटलं नाही. मी त्यांना पाठीवर घेतों हें लोकांना सांगितलं, त्यांत त्यांना कमीपणा वाटला असणार. आधी मशीनं बाजूला सारलीं, आतां त्यांनाच बाजारांत मांडलं."

आणि त्याने आपल्या सवयीप्रमाणे पानावर लिहूनही टाकलं होतं: ज्याच्यासाठी केलं, तो सोडून सगळ्यांना आवडलं.

मी वर गेलो. भावोजी खिडकीशी होते. त्यांनी इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या, माझ्या निवृत्तीचं विचारलं, पण गाण्याचा विषय काढला नाही. मीही त्या दिवशी काढला नाही. आजारी माणसाची लहर असेल, उतरेल, असं मला वाटलं.

ती उतरली नाही. दोन आठवड्यांनी कोइमतूरहून विनुताचा फोन आला. ती रडत होती. "मामा, अप्पांनी मला लिहिलं आहे. तिरुवैयारुला नदीकाठी कुठल्याशा ट्रस्टचं म्हाताऱ्यांचं घर आहे, तिथे माझी सोय कर, म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडे या, तर म्हणतात, तुझ्याकडेही जिना आहे. हरीने काय केलं? खरं सांगा."

"हरीने गाणं केलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या संध्याकाळी मी कार्यालयातून सरळ तिथे गेलो आणि या वेळी विचारायचंच असं ठरवून भावोजींपुढे बसलो. फोन घेतला आणि तमिळ अक्षरांत लिहिलं, "गाण्याचा राग आला आहे का?"

त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "राग नाही. मुलाने खरं लिहिलं. मनांत होतं तें लिहिलं. राग कशाचा?"

मी लिहिलं, "काय खरं?"

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, हरीचं पान उघडलं, गाणं नेमक्या जागी थांबवलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाच. खांद्यावर पाप. उतरेपर्यंत जड, उतरल्यावर तरी भारी. एवढीं मोठीं अक्षरं. अरे राममूर्ती, मी टायपिंग मास्तर. अक्षर मला चुकत नाही."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. हे गाणं मी कानांनी ऐकलं होतं. त्यामुळे अक्षरं पाहताना मला 'बाप'च दिसत होता. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांच्यापुढे फक्त अक्षर होतं, आणि तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ते अक्षर आलं की 'प'च वाचायचा, असंच त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. त्यांच्या मुलांनी त्यांना बाप कधी म्हटलेलंही नव्हतं.

मी घाईने म्हटलं, "भावोजी, बाप! बाप!" ते माझ्या ओठांकडे पाहत होते. ओठांवर प आणि ब सारखेच. मी लिहिलं, तर पुन्हा तीच अक्षरं उमटली. देवनागरी त्यांना येत नाही. त्या क्षणी मला जो असहायपणा वाटला तो मी कोणाला सांगू शकणार नाही. शेवटी मी लिहिलं, "हा शब्द पाप नाही. अप्पा. अप्पा या अर्थाचा शब्द. गाडी आणि काठीसारखं झालं आहे."

त्यांनी ते वाचलं, आणि पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. ओठ हलवून दोन्ही शब्द लावून पाहिले. त्यांना पटलं, हे मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं, सुटलो.

"असेल," ते म्हणाले. "तसंच असेल. पोर तसं लिहिणारा नाही."

मी मान हलवली. खाली जाऊन हरीला बोलावतो, अशी खूण केली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बैस. गाडीची काठी झाली तेव्हा मी हसलों. कां? तर तें खोटं आहे हें वाचतांनाच कळलं. माझा हरी मला मारेल काय? आणि हें वाचलं तेव्हां," ते थांबले. "हें वाचलं तेव्हां मला खोटं वाटलं नाही. एकदांही वाटलं नाही, की कांहीं चुकलं असेल. दोनदां वाचलं. बरोबर आहे, म्हटलं. असंच आहे."

मी लिहायला फोन घेतला, तर त्यांनी तो उलटा करून मांडीखाली ठेवला.

"ओरत्तनाडूचा कार्यक्रम मोपेडमुळें चुकला नव्हता. त्या दिवशीं त्याला मला धुवून काढायचं होतं. त्याच्या लग्नासाठी मुलीकडचे लोक येऊन जिना पाहून गेले, ते परत आले नाहीत. हें त्याने कुठल्या पानावर लिहिलं नाही. मी वाचतों सगळं. न लिहिलेलंही वाचतों."

खाली जाऊन मी हरीला सांगितलं. तो आधी हसला. खरोखर हसला. "एक अक्षर, मामा? एका अक्षरासाठी इतके दिवस?" आणि धावत वर गेला. मी मागोमाग. त्याने वडिलांच्या मांडीखालून फोन ओढून काढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: अप्पा, तो शब्द म्हणजे तुम्ही.

"कळलं," भावोजी म्हणाले. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "चूक अक्षराची आहे. तुझी नाही."

"मग जाऊं नका," त्याने लिहिलं.

"विनुताला मी जागा ठरवायला सांगितलं आहे."

"ठरवलेलं मोडतां येतं."

"येतं. पण मला मोडायचं नाही, हरी."

हरीने वर पाहिलं. मला वाटतं, पाप आणि बाप यांतला फरक समजावून उपयोग नाही हे त्याला तेव्हा कळलं. त्याने फोन खाली ठेवला. तिथेच जमिनीवर बसला आणि वडिलांच्या पायाची बोटं चोळू लागला. त्या बोटांना काही कळत नव्हतं.

जायच्या दिवशी भावोजींनी त्याला पाठीवर घेऊ दिलं. विनुता आली होती, ती पुढे होती, मी मागे सामान घेऊन. जिन्यात नेहमीची सूचना आली नाही. हळू नाही, भिंतीकडून नाही. हरी मध्येच एका पायरीवर थांबला, बहुधा ती ऐकायला. मग उतरला. रस्त्यावर गाडी उभी होती. तिला कोणी काठी म्हटलं नाही.

गाणं त्याने पानावरून काढलं. 'बाप'च्या जागी 'अप्पा' घालून पुन्हा करायचा प्रयत्न त्याने केला. मी एकदा खाली बसून ऐकलाही. ठोका दर वेळी त्याच जागी अडखळे. त्याने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, "राहूं दे, मामा." ऐकणारे विचारत होते, गाणं कुठे गेलं? त्याने खुलासा केला नाही. इतकी वर्षं घरातला ताप, मोपेड, श्राद्ध सगळं सांगणारा मुलगा, त्याला हे कसं सांगावं ते कळेना. खालची खोलीही आता वापरात नाही. वर इतकी जागा मोकळी असताना खाली कशाला, म्हणतो. पण वरही तो गात नाही.

तिरुवैयारुचं घर वाईट नाही. सगळं एका पातळीवर आहे, चाकांची खुर्ची नदीपर्यंत जाते. हरी रविवारी मोपेडवरून जातो. भाताच्या खाचरांमधून रस्ता आहे, पाऊण तासात पोचतो. मी एकदा बरोबर होतो. भावोजींनी जेवलास का विचारलं, त्याने हो लिहिलं. नंतर दोघेही पाण्याकडे पाहत बसले. तिथला परिचारक खुर्ची न्यायला आला तेव्हा हरी उठून उभा राहिला, पण करण्यासारखं काही नव्हतं.

परवा दुपारी तो माझ्या कार्यालयात आला. जेवणाची सुट्टी होती. माझ्या टेबलासमोर बसला आणि फोन पुढे केला. आदल्या दिवशी त्याने पानावर लिहिलं होतं: काही दिवस नवीन गाणं नाही. कारण विचारू नये. खाली नेहमीच्या मुलांची रडकी तोंडं, हृदयं, लवकर परत ये अण्णा, वगैरे. आणि त्यांच्यामध्ये इंग्रजीत एक ओळ: नोटेड. व्ही. राव.

"अप्पा," हरी म्हणाला. "पहिल्यांदां लिहिलं आहे त्यांनी इथे. मामा, ह्याचा अर्थ काय?"

"वाचलं. नोंद घेतली."

"रागाने लिहिलं आहे की प्रेमाने?"

मी चष्मा काढून पुन्हा घातला. हा शब्द मी चाळीस वर्षं कागदांवर पाहत आलो आहे. "व्यापारी पत्रांतला शब्द आहे, हरी. त्यांत राग नसतो. दुसरंही नसतं. तुझं पोचलं, इतकंच."

"मग मी आतां काय लिहायचं?"

"कांहीं नाही. नोटेड आलं की त्या पत्राला उत्तर नसतं. तिथे पत्रव्यवहार संपतो."

त्याने मान हलवली. तरीही बोट अक्षरांवर नेलं, काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, लोक आपापल्या जागी आले. तो खोडतच होता.